मुलींच्या शाळेत विद्यार्थिनी मंडळाकडे कार्यक्रम खरोखर कसे सोपवायचे?

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. मुलींच्या माध्यमिक शाळेत यंदा त्यांच्याकडे विद्यार्थिनी मंडळाची जबाबदारी आली. मंडळ निवडून झालं, बिल्ले दिले, मुली उत्साही आहेत. तरीही प्रत्येक कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सगळं शिक्षकांच्या अंगावर येतं. राबणाऱ्या मुली त्याच त्या चार-पाच. त्यात मंडळातल्या दोघींचं बोलणं बंद झालंय आणि त्यामुळे बैठकाच होत नाहीत. अशात मुलींकडे नेतृत्व द्यायचं तरी कसं, असं त्या विचारतात. मुलींच्या शाळेत मंडळाचं काम मी बरीच वर्षं पाहते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, तुमच्या वर्णनावरून दिसतं ते असं, की मंडळाकडे कामं भरपूर आहेत आणि निर्णय एकही नाही. तारीख मुख्याध्यापिकांनी ठरवली, पाहुणे संस्थेने, विषय शिक्षकांनी. मुलींच्या वाट्याला आलं स्वागत, फलकलेखन, सूत्रसंचालन आणि खुर्च्या मांडणं. अशा कार्यक्रमात ऐनवेळी काही अडलं की मुली शिक्षकांकडे बघतात, कारण ते सोडवण्याचा अधिकार आपल्याला आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. त्यांना जबाबदारीची जाणीव नाही, असं आपण स्टाफरूममध्ये म्हणतो. पण जे ठरवताना मला विचारलं नाही ते निस्तरायला मी का धावू, हे मोठ्यांना वाटतं तसं त्यांनाही वाटतं.

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली आहे. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग म्हणतच नाहीत: मुलांना आपल्या हेतूसाठी वापरून घेणं, शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरती जागा देणं. शाळांमधले पुष्कळ कार्यक्रम प्रामाणिकपणे तपासले तर दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर सापडतील. मला त्या शिडीचं वरचं टोक जास्त महत्त्वाचं वाटतं. मुलांनी सुरू केलेलं आणि मुलांनीच चालवलेलं काम हार्ट सातव्या पायरीवर ठेवतात. आठव्या पायरीवर काम मुलांनी सुरू केलेलं असतं आणि निर्णय मुलं व मोठी माणसं मिळून घेतात. म्हणजे शिक्षिकेनं अंग काढून घेणं हे काही ध्येय नव्हे. तुम्ही तिथे असायला हवंच, फक्त खुर्ची अध्यक्षांची नको.

मग आपल्याकडे काय ठेवायचं? मी चार गोष्टी ठेवते आणि पहिल्याच बैठकीत त्या उघड सांगते. मुलींची सुरक्षितता, पैशांवरची शेवटची सही, शाळेबाहेरच्या माणसांशी होणारा संपर्क, आणि फोटो-व्हिडिओ कुठे जाणार हा निर्णय. शेवटच्या गोष्टीत मी अजिबात ढिलाई करत नाही. कार्यक्रमाचा फोटो कुणाच्या तरी फोनवरून बाहेर गेला की तो परत घेता येत नाही, आणि पालकांची लेखी संमती नसेल तर त्या मुलीचा चेहरा कुठेच जाता कामा नये. या चार गोष्टी सोडून बाकी सगळं मंडळाचं. विषय कोणता, बोलायला कुणाला बोलवायचं, कार्यक्रम किती वेळाचा, भाषणं हवीत की नकोत, वेळ पुरत नसेल तर कार्यक्रमच रद्द करायचा का, हेही. रद्द करण्याचा अधिकार दिला की मुली तारखेचा विचार पहिल्यांदा गंभीरपणे करतात, हा माझा अनुभव आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतलं (१९८९) कलम १२ मुख्याध्यापिकांशी बोलताना उपयोगी पडतं. मुलांशी संबंधित बाबींत त्यांना मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्या मताला त्यांच्या वयानुसार व समजेनुसार वजन द्यायचं आहे, असं ते कलम सांगतं. यातलं ‘वयानुसार’ फार कामाचं आहे. सहावीतल्या मुलीला आपल्या वर्गाच्या वाचन-तासाचं काय करायचं ते ठरवू द्या, दहावीतल्या मुलीला अख्ख्या सभागृहाचं. दोघींना एकच माप लावलं की लहान मुली घाबरतात आणि मोठ्या कंटाळतात.

आता मुलींच्या शाळेची म्हणून जी खास संधी आहे ती बघा. मिश्र शाळेत माईकच्या वायरी, पडदा, जड टेबलं आणि हिशेब कोण करणार, हे न बोलता ठरून गेलेलं असतं. मुलींच्या शाळेत तसं ठरायला कारणच नाही. तरीही व्हायचं ते होतं: साउंड बाहेरचा माणूस बघतो, पैसे ऑफिसात, टेबलं शिपाईमामा उचलतात, आणि शाळाभर मुली असूनही तांत्रिक काम एकीच्याही हातात नसतं. मुलींमध्येही वाटणी ठरलेली. सुंदर अक्षरवाली फलक लिहिणार, गोड आवाजाची निवेदन करणार, आणि दोघी तीन-तीन वर्षं तेच करत राहणार. म्हणून माझ्याकडे एक नियम आहे. मंडळातल्या प्रत्येकीनं वर्षात निदान एक काम असं घ्यायचं, जे तिनं पूर्वी कधीच केलेलं नाही. आणि ते पैसे, साउंड, मंचव्यवस्था किंवा बैठकीचं अध्यक्षपद यांपैकीच असलं पाहिजे.

साउंडचं उदाहरण देते. दोन मुलींना मोकळ्या सभागृहात साउंड सिस्टीमसमोर बसवा. माईक स्पीकरच्या पुढे नेला की शिट्टी का वाजते, हे त्यांना स्वतः करून बघू द्या. स्पीकरमधून आलेला आवाज माईक पुन्हा पकडतो, तो आणखी मोठा होऊन बाहेर येतो, आणि हे चक्र वाढत जातं. म्हणजे स्पीकर बोलणारीच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला हवेत, माईक तोंडाजवळ हवा आणि वापरात नसलेला माईक बंद हवा. एवढं समजलं की कार्यक्रमात शिट्टी वाजल्यावर त्या मुली घाबरून तुमच्याकडे बघत नाहीत. एकीचा हात बटणाकडे जातो आणि दुसरी बोलणाऱ्या मुलीला हातानं मागे सरकायची खूण करते. सभागृहात बसलेल्या पाचवी-सहावीच्या मुली हे सगळं पाहत असतात.

त्या पाहण्याचा परिणाम केवढा असतो, याचा एक मोठा पुरावा आहे. पश्चिम बंगालमध्ये ग्रामपंचायतींची प्रमुखपदं स्त्रियांसाठी आळीपाळीनं राखीव झाली. त्यावर अर्थशास्त्रज्ञ एस्तेर द्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. ज्या गावांत सलग दोन वेळा स्त्री प्रमुख होती, तिथे किशोरवयीन मुला-मुलींच्या स्वतःबद्दलच्या आकांक्षांमधली दरी आरक्षण कधीच न झालेल्या गावांच्या तुलनेत ३२ टक्क्यांनी कमी झाली होती. शिक्षणातली दरी तर उरलीच नव्हती. शाळेतलं मंडळ म्हणजे ग्रामपंचायत नव्हे, हे मान्य. पण आपल्यासारखीच एक मुलगी अधिकाराच्या जागी बसून काम करताना दिसत राहणं, ही गोष्ट शाळेत रोज घडवता येते. त्यातलं ‘दोन वेळा’ लक्षात ठेवा. एका वर्षाच्या कौतुकानं फार काही हलत नाही.

कार्यक्रम आणि उपक्रम यांत मुलींची गल्लत होते, आणि आपलीही. कार्यक्रम एका दुपारी संपतो. उपक्रमाला पुढच्या सोमवारीही कुणीतरी लागतं. नव्या मंडळाला उत्साहात दहा उपक्रम सुचतात. मी म्हणते, वर्षभरात एकच घ्या आणि तो वर्ष संपेपर्यंत जिवंत ठेवा.

मुलींच्या शाळांमध्ये मंडळानं हाती घ्यावा असा उपक्रम विचाराल तर मी स्वच्छतागृहातल्या पॅडच्या पेटीचं नाव घेईन. कल्पना साधी आहे: अचानक गरज पडली तर कुणालाही न विचारता पॅड मिळावं. पण चालवायला बसलं की प्रश्नांमागून प्रश्न निघतात, आणि ते सगळे मुलींनीच सोडवण्यासारखे आहेत. पेटी कुठे लावायची? स्टाफरूमबाहेर लावली तर लहान मुली तिच्याकडे फिरकणार नाहीत. एका मजल्यावर की प्रत्येक मजल्यावर? भरणार कोण, कुठल्या वारी, आणि ती गैरहजर असेल तर कोण? वापरलेलं पॅड टाकायला झाकणाची बादली आहे का, ती रोज कोण रिकामी करतं, आणि त्या सफाई कर्मचारी ताईंना मंडळानं विचारलं आहे का? हा शेवटचा प्रश्न मुली हमखास विसरतात, तो मी विचारते.

सुरुवातीला नाव न लिहिता चिठ्ठ्या मागवा. वर्गावर्गात एक पेटी ठेवायची, दोनच प्रश्न: शाळेत असताना कधी अडचण झाली का, आणि तेव्हा काय केलंस? त्या चिठ्ठ्या मंडळातल्या मुलींनी स्वतः वाचायच्या. कुणी तास बुडवून घरी गेलेली असते, कुणी दिवसभर जागेवरून उठलेली नसते. असं एकदा वाचलं की या उपक्रमासाठी वेगळी प्रेरणा द्यावी लागत नाही. पुढे दर आठवड्याला किती पॅड लागली याची नोंद वहीत ठेवायची. तीन महिन्यांत एक सरासरी निघते आणि त्या आकड्यावर मुख्याध्यापिकांकडे पुढच्या वर्षाच्या तरतुदीसाठी अर्ज करता येतो. वही-खडू-झाडू यांसारखीच ही शाळेची रोजची गरज आहे आणि ती शाळेच्या खर्चात बसली पाहिजे, असं मुलींनी लेखी मांडणं, हे मला कुठल्याही मंचावरच्या भाषणापेक्षा मोठं नेतृत्व वाटतं.

याच अनुषंगानं मुली हमखास ‘दिवस’ साजरे करायचं सुचवतात. २८ मे हा मासिक पाळी स्वच्छता दिन २०१४ पासून पाळला जातो. चक्र सरासरी २८ दिवसांचं आणि पाळी साधारण पाच दिवसांची, म्हणून पाचव्या महिन्याची २८ तारीख. ११ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय बालिका दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो २०११ मध्ये जाहीर केला आणि २०१२ मध्ये पहिल्यांदा पाळला गेला. ११ फेब्रुवारी विज्ञानातल्या स्त्रिया आणि मुलींचा. यांतली एखादी तारीख जरूर धरा, पण चालू उपक्रमाला जोडूनच. त्या दिवशी सुट्टी असेल तर दुसरा दिवस घ्या, काही बिघडत नाही. नुसत्या दिनविशेषांवर मंडळ चाललं की वर्षभर फलक बदलत राहतात आणि पेटी रिकामी राहते.

आता त्याच त्या चार-पाच मुलींबद्दल. याची सुरुवात निवडीपासून होते. नुसती निवडणूक घेतली की लोकप्रिय मुली येतात, नुसती शिक्षकांनी निवड केली की आज्ञाधारक मुली येतात. मी निम्म्या जागा मतदानानं आणि निम्म्या अर्जावर भरते. अर्जात एकच प्रश्न: शाळेतली कोणती गोष्ट तुला बदलायची आहे आणि त्यासाठी पहिल्या महिन्यात तू काय करशील? वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुली या कागदावर चकित करतात.

मग येतो मुख्य प्रतिनिधीचा स्वभाव. ‘जाऊ दे, मीच करते’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. हुशार, जबाबदार मुलीच हे म्हणतात, आणि आपण तिचं कौतुक करतो. बाकीच्या मुली यातून शिकतात ते एवढंच की आपलं काम तिला पसंत पडत नाही. अशा मुलीला बाजूला घेऊन सांगावं लागतं, की तुझं काम आता कामं करण्याचं नाही, सोपवण्याचं आहे. सोपवायचं कसं हेही शिकवावं लागतं. नेमकं काय हवं, कधीपर्यंत हवं, आणि अडलं तर कुणाला सांगायचं, एवढं स्पष्ट बोलायचं. मग मध्ये एकदाच विचारायचं, रोज नाही. दुसरीनं केलेला फलक थोडा वाकडा लागला तर तो तसाच राहू द्यायचा. हे शेवटचं तिला सगळ्यात जड जातं.

मोठं मंडळ एकत्र बसवून काम होत नाही. गाइड चळवळीत १९१० पासून जी पथक पद्धत चालत आली आहे ती इथे अगदी लागू पडते: सहा-आठ मुलींचा लहान गट, त्यांची आपली एक नायिका, आणि सगळ्या नायिकांची मिळून एक सभा. मंडळात नसलेल्या मुलींनाही या गटांत घ्या. कामाला हात वाढतात आणि पुढच्या वर्षीचं मंडळ कुठून येणार हेही दिसू लागतं.

बैठका शाळेच्या वेळेतच ठेवा, हे मात्र मी आग्रहानं सांगेन. शाळा सुटल्यावर बैठक ठेवली की ज्या मुलींना घरी लहान भावंडं बघायची असतात, लांब जायचं असतं, अंधारापूर्वी पोचायचं असतं, त्या आपोआप गळतात. आपण म्हणतो त्यांना रस नाही. उरतात त्याच चार-पाच. तुमचा निम्मा प्रश्न कदाचित एवढ्यानंच सुटेल. आठवड्यातून एक तास वेळापत्रकात मागून घ्या. मुख्याध्यापिका नाही म्हणाल्या तर मधली सुट्टी धरा, पण मग बैठक वीस मिनिटांची आणि विषयपत्रिका आदल्या दिवशी फळ्यावर.

दोघींच्या अबोल्याविषयी. या वयात मैत्री तुटणं ही लहान गोष्ट नाही. माफी मागायला लावून ती जुळत नाही, आणि सर्वांसमोर तर मुळीच नाही. दोघींशी वेगवेगळं बोला आणि एकच गोष्ट शोधा: भांडण कामावरून आहे की मैत्रीवरून? कामावरून असेल तर बहुतेकदा मुळाशी न लिहिलेला निर्णय असतो. ‘आपलं असं ठरलं होतं’, ‘नव्हतं ठरलं’. यावर इलाज म्हणजे इतिवृत्ताची वही. प्रत्येक निर्णय, कुणी करायचं आणि कधीपर्यंत, बैठक उठण्याआधी लिहून मोठ्यानं वाचायचं आणि दोघींच्या सह्या. मैत्रीवरून असेल तर तो त्यांचा प्रश्न आहे. दोघींना वेगळ्या गटांत काम द्या, रोज समोरासमोर बसावं लागणार नाही असं बघा आणि वेळ जाऊ द्या. मात्र एक जण इतरांना फोडून दुसरीला एकटी पाडत असेल, तर तो अबोला राहिला नाही. तो छळ आहे. तिथे शिक्षिका म्हणून मधे पडावंच लागतं, आणि प्रतिनिधीपदही काढून घ्यावं लागलं तर घ्यावं.

यातली बरीच भांडणं रात्री फोनवरच्या ग्रुपवर पेटतात. आमचा नियम: ग्रुपवर निरोप द्यायचा, निर्णय घ्यायचा नाही. सगळ्यांकडे स्वतःचा फोन नसतो, आणि सकाळी शाळेत आल्यावर ‘काल ठरलं’ असं कळणं ही बाहेर ठेवल्याचीच जाणीव असते.

कार्यक्रमाच्या तयारीबद्दल थोडक्यात. तारखेपासून उलटं मोजत या. परीक्षांच्या तारखांवर आधी खुणा करून ठेवा आणि परीक्षेच्या आधीच्या दोन आठवड्यांत मंडळाला एकही काम देऊ नका. पालकांचा विरोध सुरू होतो तो इथेच, आणि त्यात ते बरोबर असतात. कार्यक्रमाच्या दिवशी मिनिटवार तक्ता मंचामागे लावा: वेळ, काय चाललंय, मंचावर कोण, माईक कुणाकडे, पुढची तयारीत कोण. कुणाला चक्कर आली तर तिला बाहेर कोण नेणार आणि पाण्याची सोय कुठे, तेही त्याच तक्त्यावर. आणि तुम्ही मागच्या रांगेत बसा. निवेदन करणारी अडखळली तर लगेच उठू नका. तिची जोडीदार तक्ता हातात घेऊन तिथेच उभी असते, तिला वेळ द्या. मी मागच्या रांगेतून पाहिलं आहे, तो काळ आपल्याला फार लांब वाटतो, प्रेक्षकांच्या लक्षातही येत नाही.

दुसऱ्या दिवशी आढावा घ्या, आठवड्यानंतर नको. आधी मुली बोलतील, तुम्ही सगळ्यांत शेवटी. कार्यक्रम फसला असेल तरी हाच क्रम. पाहुण्यांसमोर शोभा झाली म्हणून स्टाफरूममधून कुणी मुलींना बोलायला आलं, तर ते बोलणं तुमच्यापाशी थांबलं पाहिजे. ढाल होणं हा या जबाबदारीचा भाग आहे. हिशेब मात्र फसलेल्या कार्यक्रमाचाही पूर्ण व्हायला हवा. खजिनदारानं पावत्या चिकटवून, जमा-खर्च मांडून तो सूचनाफलकावर लावावा, म्हणजे कुठल्याही वर्गातली मुलगी वाचू शकेल.

तुमचं वर्ष अर्धं सरलं आहे, म्हणून आता लगेच काय करता येईल ते सांगते. मंडळाला बोलवा, वरच्या चार गोष्टी सांगा आणि पुढच्या कार्यक्रमाबद्दल गप्प बसा. ‘मॅडम, तुम्हीच सांगा’ असं म्हणतील. तुम्ही विचारा, की तुम्हाला काय हवंय? कार्यक्रम छोटा असू द्या, एका वर्गापुरता किंवा एका तासाचा, पाहुण्यांशिवाय. पॅडच्या पेटीसारखं एक काम सोबत सुरू करा. आणि आजपासूनच एक फाइल ठेवायला लावा: इतिवृत्तं, मिनिटवार तक्ते, हिशेब, कुठल्या परवानगीला किती दिवस लागले, साउंडची कोणती वायर खराब आहे. वर्षअखेरीस जुन्या मंडळानं ती नव्या मंडळाला एका बैठकीत समजावून द्यायची. त्या बैठकीला तुम्ही गेला नाहीत तरी चालेल.